विषय: चालकाशेजारील सीट काढल्याबाबत

मोटारीची सीट काढली तर विमा कंपनीला कळवावं लागतं का, हा प्रश्न फार थोड्या माणसांना पडतो. ज्यांना पडतो ती माणसं तो मनातच ठेवतात. निरीक्षकांनी तो विचारला. शिवाय लेखी विचारला, आणि पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवली.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण घरात, गल्लीत आणि स्वतःच्या मनात ते अजून निरीक्षकच होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले काटे तपासले. खात्याचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता: काट्याला कुणी हात लावला, एक स्क्रू जरी बदलला, की जुना शिक्का रद्द. नव्याने तपासणी, नव्याने शिक्का, तोवर काटा बंद. ‘आज गिऱ्हाईक दारात आहे, शिक्का उद्या घेतो’ म्हणणाऱ्या एकाही दुकानदाराचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. सख्ख्या सासऱ्यांच्या दुकानातला काटा त्यांनी दोन आठवडे बंद ठेवला होता. सासरे पुढे वारले, पण तो विषय अजून हयात होता.

सीट काढायचं कारण होतं अक्का. अक्का त्यांची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे, कुणाचंही बोलणं मधेच तोडायचा आपल्याला अधिकार आहे असं तिला वाटत असे. अडुसष्टाव्या वर्षी ती बल्ब बदलायला स्टुलावर चढली आणि बल्ब बदलून खाली पडली. बल्ब पहिल्या फटक्यात पेटला, हे ती स्ट्रेचरवरून सगळ्यांना सांगत होती. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मांडीपासून घोट्यापर्यंत ब्रेस बसला. सहा आठवडे पाय सरळच ठेवायचा. फक्त आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ब्रेस उघडून गुडघा थोडा थोडा वाकवायचा.

“या सहा आठवड्यांत जेवढा वाकेल तेवढा आपला,” डॉक्टर म्हणाले. “नंतर तो ऐकत नाही.”

दवाखाना सात किलोमीटरवर होता. सरळ राहिलेला पाय मोटारीत कुठे ठेवायचा, याचा विचार मोटारी बनवणाऱ्यांनी केलेला नसतो. टॅक्सीवाला यायला तयार होता, पण अक्काचा पाय त्याच्या टॅक्सीत जायला तयार नव्हता. मागच्या सीटवर आडवं बसावं, तर पट्टा लावता येत नाही आणि कंबर पिळवटते. अँब्युलन्सवाल्याने पेशंट शुद्धीवर आहे का, असं विचारलं. अक्काने फोन हिसकावून त्याचं उत्तर स्वतः दिलं, त्यानंतर अँब्युलन्स आली नाही.

शेवटी गॅरेजवाल्याने तोडगा काढला.

“पुढची सीटच उडवू की. मावशी मागे बसतील, पट्टा लावतील आणि पाय पुढे सोडतील. आरामखुर्ची!”

त्याने बॅटरीची वायर सोडली, एक चहा होईपर्यंत थांबला, मग चार बोल्ट काढले, सीटखालची पिवळी वायर सुटी केली आणि सीट बाहेर उचलून घेतली. उघड्या पडलेल्या रुळांवर जाड फोम चिकटवला.

“ही घरात ठेवा. उभी ठेवा, उन्हात नको, आणि हिच्यावर कुणी उड्या मारायच्या नाहीत. हिच्या कुशीत एअरबॅग आहे.”

“आणि हा लाल दिवा?” निरीक्षकांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

“तो आता असाच राहणार. त्याला वाटतंय, सीट चोरीला गेली.”

“बाकीच्या एअरबॅगा चालू राहतील ना?”

गॅरेजवाल्याने कानाची पाळी खाजवली. “लाल दिवा असला, की सगळ्याच रुसल्यात असं धरून चालायचं. सावकाश चालवा.”

सावकाश चालवणं हा निरीक्षकांचा स्वभावच होता. पहिल्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. अक्का मागे ऐसपैस बसून, पाय पुढे पसरून, रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर शेरे मारत होती. शनिवारी फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्याला मोजपट्टी लावून सांगितलं, “चाळीस अंश. छान. असंच चालू ठेवा.”

रविवारी निरीक्षकांनी विम्याची मुदत कधी संपते ते बघायला पॉलिसी काढली. मुदत पहिल्याच पानावर होती. पण हातात आलेला कागद अर्धवट वाचून ठेवायची त्यांना सवय नव्हती. बाराव्या पानावर ते थांबले. वाहनात केलेला कोणताही बदल विमेदाराने कंपनीस विनाविलंब कळवावा, असं तिथे लिहिलं होतं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे, एखाद्या दुकानदाराकडे बघावं तसे बघत होते.

“काय झालं?”

“मी आठवडाभर बिनशिक्क्याचा काटा वापरला,” निरीक्षक म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी सीट तोलली. त्यासाठी ओळखीच्या धान्यदुकानातून मोठा काटा मागवला आणि त्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे याची आधी खात्री करून घेतली. मग पत्र लिहिलं. विषय: चालकाशेजारील सीट काढल्याबाबत. सीटचं वजन अठरा किलो चारशे ग्रॅम. कारण, बहिणीचा पाय. कालावधी, सहा आठवडे. लाल दिवा पेटलेला असून त्याचा अर्थ मेकॅनिकच्या मते पुढीलप्रमाणे. सोमवारी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं आणि मोटारीची किल्ली कपाटात गेली.

मंगळवारची फेरी बुडाली. त्या संध्याकाळी बायकोचा मावसभाऊ धावत आला. निरीक्षकांची पॉलिसी त्यानेच काढून दिली होती. नात्यातल्या सगळ्यांच्याच त्याने काढून दिल्या होत्या, त्यामुळे लग्नकार्यांत लोक त्याच्याशी फक्त तब्येतीबद्दल बोलत.

“भाऊजी, ते पत्र लिहिलंय की पाठवलंय?”

“पाठवलं. रजिस्टरची पावतीही आहे. त्या सीटवर बसू नका.”

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या सीटवर टेकणार तो मावसभाऊ दचकून उठला. “का?”

“उडते,” आतल्या खोलीतून अक्का म्हणाली.

तो सतरंजीवर बसला. “अहो भाऊजी, लोक गाड्यांचं काय काय करतात! माझ्या एका गिऱ्हाइकाने मागची सीट काढून दोन कुत्री ठेवलीत. एकाने डिकीत स्पीकर भरलेत, गाडी चालली की शेजारच्या घराच्या काचा हलतात. कुणी विचारतं का कंपनीला? विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं हो. तेही बिचारे नोकरदार आहेत.”

“आणि अपघात झाला तर?”

“तर तेव्हा बघू.”

“तेव्हा ते काय बघतील?”

मावसभावाने क्षणभर विचार केला. “सीट नाही, हे बघतील,” त्याने कबूल केलं.

“मग यांचं बरोबरच आहे,” बायको म्हणाली.

“ताई, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?”

“मी वन्संच्या पायाच्या बाजूने आहे. सीट परत बसवली तर पाय मावत नाही, नाही बसवली तर हे गाडी काढत नाहीत. आज एक फेरी बुडाली. तू विमेवाला ना? मग काहीतरी कर.”

“मी पॉलिसी विकतो ताई. पुढचं खातं वेगळं असतं.”

बुधवारी निरीक्षक त्या वेगळ्या खात्यात गेले. खिडकीमागच्या बाईंनी त्यांचं पत्र आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या टेबलाला वाचायला दिलं, मग ते टेबलाटेबलांवरून फिरत पुन्हा त्यांच्याकडे आलं. बाईंनी संगणकावर फॉर्म उघडला.

“काय बसवलंय?”

“काढलंय.”

“तेच हो. काढून तिथे काय बसवलंय?”

“बहिणीचा पाय.”

बाईंनी पडद्यावरची यादी वर केली, खाली केली. यादीत गॅसची टाकी होती, स्पीकर होते, छतावरचा कॅरिअर होता. गाडीत काहीतरी वाढलं असेल तर कंपनीची पूर्ण तयारी होती. कमी झालं असेल तर काय करायचं, ते यादीला माहीत नव्हतं.

“काका, खरं सांगू?” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “मी इथे अकरा वर्षं आहे. सीट काढली म्हणून सांगायला आलेले तुम्ही पहिलेच. बाकीचे अपघातानंतर येतात, आणि ती बसवलेलीच होती असं सांगतात.”

“मग मी आता गाडी चालवू का?”

“ते मी तोंडी कसं सांगणार?”

“लेखी सांगा.”

“लेखी तर मुळीच नाही.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “नोंदणी पुस्तकात पाच सीटा आहेत, गाडीत चार. आधी नोंदणी कार्यालयातून चारची नोंद करून आणा. मग आम्ही मान्यता देऊ. मधल्या काळाचं उत्तर वरून पत्राने येईल.”

नोंदणी कार्यालय रस्त्याच्या पलीकडेच होतं. तिथला कारकून सज्जन होता आणि त्याला सर्दी झाली होती.

“चार सीटा करायच्या? कायमच्या?”

“सहा आठवडे. त्यातला एक झाला.”

“सहा आठवड्यांची नोंद नसते. आत्ता कायमची काढा, नंतर कायमची बसवा. दोन अर्ज, दोन तपासण्या.” त्याने नाक पुसलं. “आणि विमा कंपनीची मान्यता लागेल.”

“ते म्हणतात, आधी तुमची नोंद.”

“बरोबर आहे त्यांचं.”

“आणि तुम्ही म्हणता, आधी त्यांची मान्यता.”

“आमचंही बरोबर आहे. तोच तर घोटाळा आहे,” कारकून शांतपणे म्हणाला. “असं करा, त्यांना दिलेल्या पत्राची पोच जोडा, मी अर्ज घेतो. गाडी तपासणीला आणायची पुढच्या गुरुवारी, साडेदहाला. तारीख चुकवू नका. चुकवली तर अर्ज निकाली निघतो, आणि सूचना देऊनही वाहन हजर केलं नाही असा शेरा फाइलवर राहतो. त्यापेक्षा मग अर्ज न केलेला बरा.”

निरीक्षकांना या माणसाबद्दल आदर वाटला. त्यांनी स्वतः अशीच उत्तरं एकतीस वर्षं दिली होती. फक्त खिडकीच्या या बाजूने ती कधी ऐकली नव्हती.

गुरुवारची फेरी बुडाली. शनिवारचीही बुडाली. अक्का पलंगावर पडून ब्रेसकडे बघत राही आणि कुणी खोलीत आलं, की “वरून काही आलं का?” असं विचारी. पहिले दोन दिवस ती हे हसून विचारत होती. शनिवारी तिने विचारलंच नाही. बायकोने निरीक्षकांना जेवायला वाढलं, पण ताटाकडे न बघता वाढलं. भात दोनदा आला आणि आमटी आलीच नाही.

वरून पत्र सोमवारी आलं. कंपनीने आठ दिवसांत उत्तर दिलं, म्हणजे काहीतरी गंभीर आहे, असं मावसभाऊ फोनवर म्हणाला. निरीक्षकांनी पत्र दोनदा मनात वाचलं आणि मग अक्काच्या खोलीत जाऊन मोठ्याने वाचलं. तिसऱ्या व्यक्तीस होणाऱ्या हानीबाबतचे संरक्षण पूर्ववत राहील. तथापि सदर बदलामुळे उद्भवलेल्या अथवा वाढलेल्या नुकसानीचा, तसेच प्रवाशाच्या वैयक्तिक अपघाताचा दावा, नोंद सादर होईपर्यंत, गुणवत्तेनुसार विचारात घेतला जाईल.

“आता माणसांच्या भाषेत सांग,” अक्का म्हणाली.

“म्हणजे रस्त्यावरच्या कुणाला मी धडकलो, तर त्याला भरपाई मिळेल. तुला काही झालं, तर ते विचार करतील.”

“किती दिवस?”

“ते लिहिलेलं नाही.”

“छान. ओळखपाळख नसलेल्याची सोय झाली.”

निरीक्षकांनी खिशातून दुसरा कागद काढला. तो त्यांनी स्वतः लिहिला होता. खाली सही करणार प्रवासी, वय अडुसष्ट, असे जाहीर करते की, वाहनातील बदलाची आणि त्यामुळे विम्यात निर्माण झालेल्या अनिश्चिततेची मला पूर्ण कल्पना असून, मी स्वखुशीने.

अक्काने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून परत दिला.

“मी सही करणार नाही.”

“अक्का, ही फक्त माहिती—”

“मला काही झालं, तर तुला त्रास झालाच पाहिजे. माझी सही दाखवून तू मोकळा होणार? अजिबात नाही.”

“मोकळं व्हायचं नाहीये मला. कागद नीट असले की—”

“छोट्या,” अक्काने लाइन तोडली. त्रेसष्टाव्या वर्षीही त्यांना या नावाने हाक मारणारं एकच माणूस जगात उरलं होतं. “बाबा गेल्यावर दोन वर्षं तुला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं मी. ब्रेक एकच होता, तोही मागचा. तेव्हा तू मला विचारलंस, हिचा विमा आहे का?”

“तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.”

“तेव्हा शहाणा होतास.”

दारात उभी असलेली बायको हसली आणि ते लपवायला खोकली. अक्का हसली नाही. तिने चादर बाजूला केली आणि ब्रेसमधल्या पायाकडे बोट दाखवलं. “सकाळी मी स्वतः थोडा हलवून बघितला. लाकडासारखा झालाय. तुझं पत्र येईपर्यंत त्याने थांबायला हवं होतं, पण त्याला पोच कुणी दिली नव्हती.”

निरीक्षकांनी दोन्ही कागदांच्या कडा जुळवल्या, त्या जुळलेल्याच होत्या, आणि ते खोलीबाहेर गेले. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला.

मंगळवारी ते गाडी अशी चालवत होते, की सायकलवाले वळून बघत होते. मागून हॉर्न वाजले, की अक्का काच खाली करून “विमा बघा, विमा!” असं ओरडे. तिच्या पायाचा अंगठा निरीक्षकांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. लाल दिवा त्यांच्याकडे एकटक बघत होता. त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं, जसं वाटेतले दुकानदार पूर्वी त्यांच्याकडे बघायचं टाळत.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी ब्रेस उघडला, गुडघा धरला आणि कपाळाला आठी घातली. गुडघा वाकवायला घेतला तेव्हा अक्काच्या तोंडून टेलिफोन खात्यात चालत नसलेले दोन शब्द गेले. बाईंनी मोजपट्टी लावली.

“अठ्ठावीस.”

“चाळीस होते,” निरीक्षक म्हणाले.

“होते. मधे तीन दिवस आला का नाहीत?”



“पत्रव्यवहार चालू होता,” अक्का म्हणाली.

बाईंना काही कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. “आता दिवसाआड चालणार नाही. रविवार सोडून रोज यायचं, सकाळी दहाला, तासभर. गेलेले बारा अंश परत येतीलच, असं मी सांगत नाही. पण आणखी एक दिवस चुकला, तर येणार नाहीत, एवढं नक्की सांगते.”

“दहालाच?” निरीक्षकांनी विचारलं. “दुपारी?”

“दुपारी जागा नाही. दहा.”

व्हरांड्यात येऊन निरीक्षकांनी नोंदणी कार्यालयाला फोन लावला. कारकुनाची सर्दी अजून होती. तारीख पुढे ढकलता येईल, तो म्हणाला. पुढची मोकळी तारीख पाच आठवड्यांनी. तोवर अक्काचे सहा आठवडे संपून सीट परत जागेवर बसली असती आणि दाखवायला काही उरलं नसतं. गाडीशिवाय नुसती माणसं हजर राहिली तर चालेल का? नाही. गुरुवारी दवाखाना आटोपून साडेअकरापर्यंत आलं तर? अकराला तपासणी बंद होते.

“तुमच्याकडून चुकेल असं वाटत नाही मला,” कारकून म्हणाला. “तुमचा अर्ज इथे नमुना म्हणून दाखवतोय मी सगळ्यांना.”

बुधवारी रात्री जेवताना बायकोने विचारलं, “उद्याचं काय ठरलं?” निरीक्षक म्हणाले, “बघू.” लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, हा शब्द त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला. तिने आणखी काही विचारलं नाही. आमटी वाढली.

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. फाइल बरोबर होती. ठेवायला जागा नव्हती म्हणून ती अक्काच्या टाचेखाली, फोमवर गेली. बँकेच्या चौकात डावीकडे नोंदणी कार्यालय होतं आणि उजवीकडे दवाखाना. उजव्या वळणाचा दिवा त्यांनी इतक्या आधीपासून लावून ठेवला होता, की मागच्या ट्रकवाल्याला तो चुकून राहिलाय असं वाटलं आणि त्याने चौकात खिडकीतून तसं सांगितलंही.

“चुकून नाही,” निरीक्षक म्हणाले. ट्रक तोवर पुढे गेला होता.

दवाखान्यात अक्काला आत नेलं. बाहेरच्या बाकावर निरीक्षक एकटेच बसले होते. समोर घड्याळ होतं. साडेदहा वाजले, तेव्हा नोंदणी कार्यालयाच्या आवारात त्यांच्या गाडीचा नंबर पुकारला गेला असणार. दोनदा, मग एकदा नावानिशी, मग कारकुनाने लाल शाईचं पेन उचललं असणार. शेरा कुठल्या शब्दांत लिहितात ते त्यांना पाठ होतं. आतून अक्काची एक किंकाळी आली आणि पाठोपाठ बाईंचा आवाज, “अजून थोडं, अजून थोडं.” निरीक्षक उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले.

अकराला दार उघडलं. अक्काच्या कपाळावर घाम होता.

“तेहतीस,” बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी मान हलवली. अक्का दम खात त्यांच्याकडे बघत होती.

“आज तुझी तारीख होती ना?”

“होती.”

“मग?”

निरीक्षक खाली वाकले आणि ब्रेसचे पट्टे एकेक करून लावायला लागले. “घट्ट होतंय का सांग,” ते म्हणाले. “उद्या दहाला यायचंय.”